काळ्या गाडीवर ग्लेझ: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. ग्लेझ म्हणजे ओरखड्यांच्या खाचा भरून त्या झाकणारं तेलकट पॉलिश. त्याने ओरखडे जात नाहीत. ते होते तिथेच राहतात, फक्त काही आठवडे दिसेनासे होतात. एवढं मान्य असेल तर गाडीच्या रंगावर लावण्यासारखी इतकी निरुपद्रवी गोष्ट दुसरी नाही. मान्य नसेल तर पैसे बाजूला टाका आणि चांगल्या माणसाकडून पेंट करेक्शन, म्हणजे मशीनने घासून ओरखडे खरोखर काढणं, करून घ्या. मला तो पर्याय नव्हता, म्हणून ग्लेझच्या वाटेला गेलो. त्याचं कारण आधी सांगतो, कारण तुमची बाटली कोणती हे त्यावरच ठरणार आहे.

गाडी २०१६ ची फोक्सवॅगन व्हेंटो, रंग डीप ब्लॅक पर्ल, सेकंड हँड. आधीच्या मालकाचा गाडीवर फार जीव होता आणि तेच नडलं. दरवर्षी दिवाळीच्या आधी रबिंग-पॉलिश करून घ्यायचे, असं त्यांनीच कौतुकाने सांगितलं. रबिंग म्हणजे काय, तर कंपाउंड (घासणारी पेस्ट) लावून मशीनने रंगाचा वरचा थर थोडा थोडा घासून काढायचा. ओरखड्याच्या तळापर्यंत पोचलात की ओरखडा संपला. पण त्याबरोबर आजूबाजूचा थरही संपतो.

ओळखीच्या एका डिटेलरकडे (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करून देणारा) पेंटची जाडी मोजायचं मीटर आहे. त्याने छतावर लावलं तर ११० ते १२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दारांवरही तेवढंच. डाव्या फेंडरवर २६०, म्हणजे तो कधीतरी पुन्हा रंगवलेला. बॉनेटवर नव्वदीच्या आसपास आणि पुढच्या कडेला ८३. हे मीटर पत्र्यापासून वरचं सगळं एकत्र मोजतं: गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर. क्लिअर कोट कारखान्यातून साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा येतो. माणसाचा केस ७० च्या आसपास धरला तर त्याच्याहूनही बारीक. वर्षानुवर्षं झिजला तो हाच. कारखान्यातही प्रत्येक पॅनेलवर थर थोडा कमीजास्त बसतो, तेव्हा नेमकं किती गेलं हे या आकड्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी बॉनेटचा निम्मा क्लिअर कोट उडालेला असावा असा अंदाज बांधायला हरकत नव्हती. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो पातळ झाला की काही उन्हाळ्यांनी बॉनेटवर आणि छतावर पांढरे चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. जुन्या गाड्यांवर हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

डिटेलर प्रामाणिक निघाला. म्हणाला, "बाकी गाडीला मशीन लावतो, बॉनेटला नाही लावणार. लावलं तर पुढच्या वर्षी तुम्ही मला शिव्या घालाल." त्याच आठवड्यात घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेटवर हात फिरवत, "साहेब, एकदा रबिंग मारू द्या, तोंड दिसेल त्यात," असं सांगितलं होतं. त्याच्याकडे मीटर नव्हतं.

तर माझ्या बॉनेटवरून काही काढून घेण्यासारखं उरलेलं नव्हतं, जे करायचं ते भरून करायचं होतं. ग्लेझ भरण्याचंच काम करतं.

ओरखडा मुळात का दिसतो? क्लिअर कोट पारदर्शक असतो. त्यात खाच पडली की खाचेच्या कडांवर उजेड भलतीकडे फाकतो आणि तिथे पांढुरकी रेघ चमकते. गाडीवर हजारो बारीक रेघा सगळ्या दिशांना पसरलेल्या असतात, पण त्यातल्या उजेडाला आडव्या जाणाऱ्याच डोळ्याला दिसतात. म्हणून सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल जाळं दिसतं आणि तुम्ही हललात की जाळंही तुमच्याबरोबर सरकतं. गाडी पुसणाऱ्याने गोल गोल फडका मारला म्हणून गोल रेघा पडल्या, हा समज चुकीचा आहे. सरळ पुसूनही दिसतात गोलच.

ग्लेझमध्ये मुख्यतः तेलं असतात आणि बऱ्याचदा केओलिनसारख्या मऊ मातीचा अतिशय बारीक भराव. ही तेलं खाचेत बसतात. तेलाचा आणि क्लिअर कोटचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचं माप) जवळपास सारखा, दीडच्या आसपास. त्यामुळे उजेडाला मधली कड जाणवतच नाही आणि तो सरळ खालच्या रंगापर्यंत जातो. घरातल्या ओट्याच्या कडप्प्याला खोबरेल तेलाचा हात फिरवला की करडा पडलेला दगड काळाभोर दिसतो, तसंच हे. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांवर म्हणूनच ग्लेझचा फरक डोळ्यांत भरतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ओरखडेच फारसे दिसत नाहीत, त्यामुळे फरकही दिसत नाही. तुमची गाडी पांढरी असेल तर इथेच थांबा, पैसे वाचवा आणि चांगला शॅम्पू घ्या.

आता बाटल्या. "ग्लेझ" या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि विकणारे दुकानदारही त्यांची सरमिसळ करतात. एक शुद्ध ग्लेझ, ज्यात घासणारा कण नसतो. दुसरं भराव असलेलं पॉलिश, जे थोडं घासतं आणि थोडं भरतं. माझ्यासारखा पातळ क्लिअर कोट असेल तर हा फरक जीवनमरणाचा नसला तरी महत्त्वाचा आहे.

बॉनेटसाठी मी मेग्वायर्सचं नंबर ७ शो कार ग्लेझ घेतलं. जुनं, पहिल्या प्रकारातलं उत्पादन. कंपनी १९०१ साली अमेरिकेत फर्निचर पॉलिशपासून सुरू झाली आणि २००८ पासून ती थ्रीएमच्या मालकीची आहे. बाटली ४७३ मिलीची, आणि लागतं इतकं कमी की संपता संपत नाही. यात घासणारे कण नाहीत. ताज्या रंगावरही चालतं, म्हणून रंगकाम करणाऱ्या गॅरेजांत ते पूर्वीपासून वापरलं जातं. तिथे पॉलिशमधल्या सिलिकॉनची भीती असते. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला आणि त्यावर रंग मारला तर रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखे बारीक खड्डे पडतात.

दारं, छत आणि डिकी यांना ऑटोग्लिमचं सुपर रेझिन पॉलिश. हे ब्रिटिश, दुसऱ्या प्रकारातलं. अगदी सौम्य घासतं आणि चांगलं भरतं. आपल्याकडे मिळतं, पण सातत्याने नाही, दिसलं की घेऊन ठेवायचं. जिथे क्लिअर कोट शाबूत आहे तिथे मला हेच जास्त आवडलं, कारण पाण्याच्या डागांची पुसट वर्तुळं आणि झाडाखालचा मळ ते भरण्याआधी थोडा उचलतं. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या सोसायट्यांना हे वेगळं सांगायला नको.

मित्राकडून थोडं पुअरबॉयज वर्ल्डचं ब्लॅक होल आणून बॉनेटच्या एका पट्ट्यावर लावलं. ते खास गडद रंगांसाठी काढलेलं आहे, हलक्या रंगांसाठी त्याच कंपनीचं व्हाइट डायमंड. लावताना हाताला नंबर ७ पेक्षा सोपं, पुसायलाही सोपं. दिसण्यात मात्र मला दोन पट्ट्यांतला फरक सांगता आला नाही. घरच्यांनाही नाही, आणि घरच्यांना तर माझी चूक दाखवण्यात विशेष रस असतो.

एक रंगीत वॅक्सही आणलं होतं, काळं. कंपनीचं नाव घेत नाही. बारीक जाळ्यावर त्याने बऱ्यापैकी काम केलं, पण खडी लागून उडालेल्या टवक्यांत रंगद्रव्य साचून तिथे राखाडी ठिपके झाले आणि पुसायचं कापड कायमचं काळं पडलं. पहिल्या पावसात टायरच्या वरच्या भागातून काळसर ओघळ आले. बाटली आता गॅरेजमधल्या लोखंडी शिडीच्या कामाला येते.

कोणतंही ग्लेझ घ्यायच्या आधी एक चाचणी करा. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर कुठलीच बाटली त्याला झाकणार नाही, तो टच-अपचा किंवा रंगकामाचा विषय. पक्ष्याच्या विष्ठेने क्लिअर कोट खाल्ला असेल तर तोही डाग ग्लेझने जात नाही. नख सहज घसरलं आणि तरी उन्हात रेघ दिसते, असे जे ओरखडे असतात ते ग्लेझचे.

लावण्याची पद्धत बाटलीवर लिहिलेली असते, पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी तिथे पुरेशा जोर देऊन लिहिलेल्या नसतात. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा. पुण्याच्या एप्रिलमध्ये याचा अर्थ सकाळी सातच्या आत. आधी धुणं, मग क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी. क्ले न करता ग्लेझ लावलं तर पत्र्यावर चिकटलेले सिमेंटचे आणि ब्रेकच्या धुळीचे कण पॅडखाली फिरतात आणि नवे ओरखडे पाडून तुम्ही जुने झाकत बसता. मग फोमच्या पॅडवर चण्याएवढे तीन-चार ठिपके, एका वेळी बॉनेटचा पाव भाग, हलक्या हाताने. नंबर ७ सुकायची वाट बघायची नाही. ते सुकतच नाही, उलट चिकट होत जातं. लावलं की लगेच जाड मायक्रोफायबरने पुसायचं, कापडाची घडी उलटून पुन्हा पुसायचं. तरी दहा मिनिटांनी तिरक्या नजरेने बघितलं की तेलाचे फराटे दिसतात. तोंडाची वाफ सोडून कोरड्या कापडाचा हात फिरवला की ते जातात. सुपर रेझिनचं बरोबर उलटं: ते पांढरट सुकू द्यायचं आणि मग पुसायचं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना आणि रबराच्या बीडिंगला आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर पांढरी पूड तिथल्या खरबरीत भागात बसते आणि जुना टूथब्रश घेऊन ती काढत बसावं लागतं.

निकाल बघायचा तर बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली बघू नका, तिथे कुठलीही गाडी सुंदर दिसते. रात्री पेट्रोल पंपावर जा. छतातल्या एलईडीखाली काळ्या बॉनेटची सगळी कुंडली बाहेर येते. ग्लेझ लावल्याच्या रात्री माझ्या बॉनेटवर दिव्यांची प्रतिबिंबं काठांसकट स्पष्ट होती, भोवतीचं जाळं जवळपास नाहीसं. जवळपास म्हणतो, कारण खोल रेघा मधूनमधून डोकावत होत्याच.

किती टिकतं? नुसतं ग्लेझ, वर काही न लावता, दोन-तीन धुण्यांत उतरलं. ते तेलच आहे, शॅम्पू तेल काढण्यासाठीच असतो. म्हणून वर वॅक्सचा थर द्यावाच लागतो. मी कार्नौबा वॅक्स लावतो. हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, वितळतं ८० अंशांच्या वर. वॅक्ससकट हिवाळ्यात बॉनेट महिनाभराहून थोडं जास्त चांगलं दिसलं. मे महिन्यात उघड्या पार्किंगमध्ये काळा पत्रा इतका तापतो की हात ठेववत नाही, तिथे तीन आठवड्यांत जाळं परत आलं. सुपर रेझिनवाली दारं मात्र उन्हाळ्यातही तग धरून राहिली. दारं उभी असतात, ऊन तिरकं लागतं, शिवाय तिथे ओरखडे मुळातच कमी होते, तेव्हा सगळं श्रेय बाटलीला देता येत नाही.

पावसाळ्याबद्दल मला जास्त भीती होती, ती खोटी ठरली. नुसतं पावसाचं पाणी ग्लेझला फारसं काही करत नाही. ताम्हिणीतून भिजत आलेली गाडी दुसऱ्या दिवशी तशीच होती. नुकसान होतं ते पावसानंतरच्या चिखलाने, आणि त्याहून जास्त तो चिखल काढायला रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर गेलं की. तिथला भरपूर फेसाचा साबण बऱ्याचदा चांगलाच अल्कलीयुक्त असतो. काही ठिकाणी शेवटी डिझेलचा फवाराही मारतात, खालच्या भागाला म्हणून, पण उडतो सगळीकडे. डिझेल हे उत्तम द्रावक आहे. एका धुण्यात भराव साफ. कंपनीच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना मी आता जॉबकार्डवर "वॉशिंग नको" असं लिहायला लावतो. तिथला ॲडव्हायझर दर वेळी फुकट आहे म्हणून आग्रह करतो.

हा भराव निघाला की खालचं काय दिसतं, हे मुद्दाम बघायचं असेल तर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन एक हात पुसा. तेल निघतं आणि खरा पृष्ठभाग समोर येतो. सेकंड हँड गाडी बघायला जाल तेव्हा ही युक्ती लक्षात ठेवा. विक्रीला लावलेल्या काळ्या गाड्या चकाचक दिसतात त्यामागे पुष्कळदा ग्लेझ असतं. कुणी रोटरी (एकाच दिशेने गोल फिरणाऱ्या) मशीनने रबिंग करून दिलं असेल तर त्या गॅरेजवाल्यासमोरच पुसून बघा. रोटरीने पडलेले ढगासारखे हलते पट्टे, ज्यांना डिटेलर होलोग्राम म्हणतात, ते ग्लेझखाली बेमालूम लपतात आणि पंधरा दिवसांनी वर येतात. गॅरेजवाला मग म्हणतो, तुमच्या धुण्यात गडबड आहे.

धुण्यात गडबड असतेच, हेही खरं. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे एक काका आहेत. पहाटे साडेपाचला सुरू करतात, एक बादली, एक फडका, ओळीने पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीनंतर त्या बादलीत काय असतं ते वाकून बघा. मेट्रोची आणि बांधकामांची धूळ म्हणजे मुख्यतः वाळूचे बारीक कण, ते क्लिअर कोटपेक्षा कठीण. ग्लेझ लावल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "काका, माझी गाडी फक्त आतून आणि काचा. पत्र्याला हात लावू नका." ते बुचकळ्यात पडले. "साहेब, गाडी धुळकट दिसली तर बाकीचे म्हणतील मी पैसे घेतो आणि काम करत नाही." मुद्दा रास्त होता. शेवटी असं ठरलं की त्यांचा महिना तोच, पत्र्याला फक्त पाणी मारायचं आणि वाळू द्यायचं, पुसायचं नाही. टँकरच्या पाण्याचे डाग पडतात, पण क्षारांचे डाग मी रविवारी काढू शकतो, ओरखडे नाही. रविवारी दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक हातमोजा खळबळायला, वरून खाली. या एका बदलाने ग्लेझचं आयुष्य जितकं वाढलं तितकं बाटली बदलून वाढलं नाही.

दसऱ्याला मात्र माझं काही चालत नाही. झेंडूचा हार बॉनेटवर यायचाच. मी एवढंच केलं की हाराची तार कापून दोरा लावला आणि खाली मऊ कापड ठेवलं. आईने कापडाकडे बघून विचारलं, "पूजा गाडीची आहे की कापडाची?" कुंकू गाडीच्या नंबरप्लेटवर लागलं, तडजोड झाली.

सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचा विचार असेल तर ग्लेझपासून लांब राहा. सिरॅमिकला स्वच्छ, तेलविरहित पृष्ठभाग लागतो. खाली ग्लेझ असेल तर ते पत्र्याला धरतच नाही. सिंथेटिक सीलंटचंही (वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर) बहुतेक तसंच. आधीच सिरॅमिक असेल तर त्यावर ग्लेझ नीट बसत नाही, पैसे वाया. मॅट रंगावर तर चुकूनही नाही, मॅटवर चकाकीचे डाग पडले की ते काढता काढता नाकी नऊ येतात.

मग निवडायचं कसं? गाडी नवी आहे, क्लिअर कोट भरपूर आहे आणि जाळं नुकतंच दिसायला लागलंय, तर ग्लेझच्या नादी न लागता एकदा ड्युअल ॲक्शन (रोटरीपेक्षा सौम्य) मशीनने हलकं पॉलिश करून घ्या आणि धुण्याची पद्धत सुधारा. गाडी पाच-सात वर्षं जुनी, गडद रंगाची, अधूनमधून हौसेने चमकवायची आहे, तर सुपर रेझिनसारखं भराव असलेलं पॉलिश, वर वॅक्स, वर्षातून चार-पाच वेळा. आधीच घासून घासून पातळ झालेली असेल, मीटरवर आकडे खाली गेले असतील, तर शुद्ध ग्लेझ, आणि दर महिन्याला पुन्हा लावायची तयारी. एका बॉनेटला पाऊण तास लागतो. ज्याला हा पाऊण तास शिक्षा वाटतो त्याने ग्लेझ घेऊ नये. घरात लग्न आहे आणि गाडी दारात दोन दिवस छान दिसायला हवी, एवढंच असेल तर मित्राकडून थोडं मागून आणा, अख्खी बाटली कशाला घेता.

माझं बॉनेट दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, नव्याने रंगवून घ्यायचं चाललंय. पुढच्या कडेला ८३ वर फार काळ भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. नव्या रंगावर पहिले दोन-तीन महिने वॅक्स लावता येणार नाही, आतली द्रावकं उडून जायला वाव लागतो. नंबर ७ तेव्हाही चालेल, आणि बाटली अजून निम्मी भरलेली आहे. त्यानंतर बॉनेटची डाव्या फेंडरशी रंगछटा जुळते का, हा पेंटरशी वेगळा वाद असेल.